तव्यावरची अँटेना

कुणी काही विचारलं की आधी 'हो' म्हणून टाकायची माझी सवय. दौंडच्या दुकानात अँटेना घेताना तीच नडली.

पाटसजवळच्या साखर कारखान्यात मी नंबर पुकारायला लागले होते, तेही महिनाभर बघू म्हणून. उसाचे ट्रॅक्टर यार्डात रांग लावतात. मी केबिनमधून वायरलेसवर नंबर सांगायचा, यार्डाच्या टोकाचा वॉचमन तो ट्रॅक्टर वजनकाट्यावर सोडणार. पण सेटच्या बुटक्या अँटेनानं आवाज तिथवर पोचेना. आणि आवाज पोचला नाही तर मला ठेवतील कशाला?

आमचे सुपरवायझर, कवठे येमाईचे मामा, म्हणाले, "बाहेर लावायची अँटेना तुम्हीच निवडून आणा. बोलायचं तुम्हालाच हाय." आठवीतून शाळा सोडलेल्या, गोंदियाहून आलेल्या बाईवर एवढा भरवसा! त्या आनंदात आणि धास्तीत मी एसटीत बसले.

दुकानदारानं दोन दाखवल्या. एक पाइपाला आवळायची, लांबलचक. दुसरी जीपवर असते तशी, बुडाला चुंबक असलेली. ती सोपी वाटली. दुकानदार म्हणाला, "हिला खाली लोखंड लागतं. छप्पर लोखंडी आहे ना?"

"हो."

मान वर करून केबिनचं छप्पर मी कधी पाहिलंच नव्हतं. कारखान्यात येऊन शिडी चढले तर सिमेंटचा पत्रा! चुंबक सरसर घसरू लागलं, मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. खालून मामांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगून टाकलं. शिडी धरलेले मामा इतके हसले की शिडीच हलायला लागली.

"अवो, लोखंडच पायजे ना? खोलीवर तवा हाय का?"

होता. मी भात खाणारी; इथं भाकरी शिकायला लोखंडी तवा घेतला होता. पळत जाऊन आणला. छपरावर पालथा घातला, कडेला विटा ठेवल्या. अँटेना टक्कन चिकटली. वायर खिडकीतून आत घेऊन सेटच्या मागं पिळून बसवली. अँटेना नीट जोडल्याशिवाय बटण दाबलं तर सेट जळतो, असं दुकानदारानं बजावलं होतं, म्हणून तीनदा चाचपून पाहिलं.

"आता हळद-कुंकू वाहताय व्हय? दाबा की!"

"नंबर बेचाळीस, काट्यावर या!"

क्षणभर नुसती खरखर. मग वॉचमन म्हणाला, "ओ ताई, वरडू नका! कान फुटला माझा!" त्याच्यामागं ड्रायव्हर लोकांचं हसू ऐकू आलं, आणि लांब एक ट्रॅक्टर धूर सोडत हलला.

मामा म्हणाले, "तुमच्या भाकरीपरीस तवा वरच बरा. ऱ्हाऊ द्या तिथंच. आन् तुम्हीबी ऱ्हावा."

डोळे पुसत मी त्रेचाळीस पुकारला. या वेळी हळू.