आधी कोणी चाखलं?

तुमच्या लेकराच्या ताटात अक्कल वाढवायची भुकटी टाकायला परका माणूस आला, तर तुम्ही त्याला काय विचाराल? थांबा, उत्तराची घाई नको. आधी चंद्रभागाबाईंचं ऐका.

अड्याळजवळच्या आपल्या गावच्या शाळेत त्या चौदा वर्षं खिचडी शिजवतात. पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी स्वतः चाखायचं आणि वहीत सही करायची, हा नियम. सही त्या शिकल्या, ती या वहीसाठीच.

जुलैत शहरातल्या एका कंपनीचा धनंजय नावाचा साहेब निळी पाकिटं घेऊन आला. त्यानं पोरांची परीक्षा घेतली, आकडे काढले आणि सांगितलं, "इथल्या मुलांची बुद्धी कमी भरते. सहा महिने हे खिचडीत मिसळा, डोकं तल्लख होईल."

चार वर्गांना मास्तर एक! ते श्यामराव गुरुजीही अर्धा दिवस मोबाईलवर माहिती भरत बसतात. आणि कमी काय भरली म्हणे, तर पोरांची बुद्धी!

बाईंची नात रक्षा तिसरीत. सातच्या पाढ्यात रोज अडते. लेक दीपमाला मागेच लागली, "टाक न वं माय. आपली पोरगी हुशार झाली तर तुले काहून खुपते?"

बाईंचा हात पाकिटाकडे गेला. नातीसाठी कोणाचा जाणार नाही? पण चौदा वर्षांची सवय. वाटीभर खिचडीत चिमूटभर भुकटी कालवली, एक घास घेतला आणि वाटी साहेबापुढे सरकवली.

"मी चाखली. आता तुमी चाखा."

"मावशी, हे लहान मुलांसाठी आहे."

"बरं. तुमचं लेकरू कितवीत?"

"चौथीत."

"त्याले कवापासून देऊन राहिले?"

साहेब रुमाल शोधायला लागला. "तिकडे अजून परवानगी नाही. आधी इकडे अभ्यास होईल, मग..."

"म्हंजे चाखणारे आमचे पोट्टे, अन् जेवणारे तुमचे?"

बाकीची पाकिटं त्या दिवशी साहेबाच्या पिशवीतच राहिली.

बाई विज्ञानाच्या वैरी, असं आता बोललं जातं. अरे, लसीच्या वेळी याच बाईंनी घरोघर फिरून पोरं गोळा केली होती! ती लस साहेबांची लेकरंही घेत होती, एवढं विसरलात?

आठवड्याच्या आत बाईंना नोटीस आली: शाळेच्या कामात अडथळा आणला, कामावरून का काढू नये? तेव्हा दीपमालानं भुकटीसाठी आलेला रक्षाचा संमतीचा कागद सही न करता कोराच परत केला.

तोच कागद आता तुमच्या दारी येईल. सही करायच्या आधी तो आणणाऱ्याला विचारा, तुमच्या लेकरानं चाखलं का? आणि शुक्रवारी अकरा वाजता ग्रामसभेला या. चंद्रभागाबाईंच्या नोटिशीचा विषय निघेल तेव्हा त्यांच्या बाजूनं हात वर करा.