अनुमोदक कोण?

हार्ट्सविकच्या नगर परिषदेत ऑरिन स्कोलेननं आजवर एकही ठराव मांडलेला नाही. तो अनुमोदन देतो. कुणीही काहीही मांडलं की टेबलाच्या डाव्या टोकाकडून त्याचा बसका आवाज यायचा, "अनुमोदन." मग चिटणीस ट्वायला पेल्की मान वर न करता विचारायची, "अनुमोदक कोण?" आणि तो सांगायचा, "स्कोलेन." नगराध्यक्ष धरून सदस्य पाच. अग्निशमन दलाच्या गाड्यांमागची खोली, तीही एवढीशी. कोण बोललं ते सगळ्यांनी ऐकलेलं असायचं. तरी ती दर वेळी विचारायची आणि तो दर वेळी नाव सांगायचा.

इथे ठरावाला अनुमोदक मिळाल्याखेरीज त्यावर अक्षर बोलता येत नाही. अनुमोदन म्हणजे पाठिंबा नव्हे. दार उघडणं, एवढंच. ऑरिननं कशाकशाला दार उघडलं त्याची गंमतच आहे. परसात कोंबड्या पाळू द्याव्यात, यालाही आणि दोन वर्षांनी कोंबड्या बंद कराव्यात, यालाही. उद्यानातल्या रानहंसांना हाकलायला पगारी माणूस नेमावा, याला. सांडपाण्याच्या तलावाला आपल्या सासूचं नाव द्यावं असं एका सदस्यानं चेष्टेत मांडलं, तर त्यालाही.

"ऑरिन, अनुमोदन तूच दिलंस आणि आता हात विरोधात?" नगराध्यक्ष ड्वेन रास्को विचारायचा.

"बोलणं व्हायला हवं होतं. झालं. आता सांगतो, कल्पना भिकार आहे."

कॅफेत कुणी "आणखी एक कॉफी घ्यावी का?" म्हटलं की सगळे ऑरिनकडे बघतात. त्याची बायको आर्डिस तर पाहुण्यांना सांगते, "लग्नाचं मीच विचारलं होतं. यानं फक्त अनुमोदन दिलं."

ऑरिन उंच, खांद्यात वाकलेला. घरं उबदार ठेवणाऱ्या, तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. उत्तर मिनेसोटात या धंद्याला मरण नाही. गावातलं जवळजवळ प्रत्येक तळघर त्यानं पाहिलेलं आहे. कुणाच्या जिन्याची कुठली पायरी सैल, तेही त्याला पाठ. एक तळघर तेवढं त्यानं पाहिलेलं नाही, ट्वायला पेल्कीचं. तिकडून फोन आला की तो भागीदाराला पाठवतो. गावात सगळे तिला नावानं हाक मारतात. हा एकटा मिसेस पेल्की म्हणतो. तीही त्याला मिस्टर स्कोलेन म्हणायची.

आणखी एक. सभेत तो काही खात नाही. कुणीतरी घरून वड्यांची थाळी आणतंच, ती टेबलावरून फिरते. ऑरिनपाशी आली की तो ती न बघता पुढे सरकवतो. त्याला साखर झाली असावी असा लोकांचा समज आहे. आर्डिसला कुणी तसं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "साखर? काल रात्री अर्धा केक एकट्यानं संपवलाय त्यानं."

ट्वायला चिटणीस झाली ती लायलच्या मृत्यूनंतर. लायल तिचा नवरा.

लायल गेला त्या वर्षी ऑरिन परिषदेत नवा होता. मार्चमधली सभा. हिल्डा वेंट नावाच्या सदस्यबाई तळ्याकाठी राहायच्या, ओढा तळ्याला मिळतो तिथेच. त्यांनी ठराव मांडला की गावाच्या उतारावरून बर्फावर गाड्या नेणं उद्यापासून बंद करावं. हिवाळाभर गोठलेलं सोर्बी तळं म्हणजे रस्ताच असतो. बर्फाला भोक पाडून मासे धरायची खोपटी गाडीनं तळ्यावर ओढून नेतात, मार्चअखेर ती परत ओढून आणतात. सदस्यांपैकी एकाचं खोपटं अजून बर्फावर होतं, दुसऱ्याचं गळ-आमिषांचं दुकान होतं.

"कारण—" हिल्डाबाईंनी सुरुवात केली.

"आधी अनुमोदन, हिल्डा," तेव्हाचे नगराध्यक्ष म्हणाले. "मग कारण."

अनुमोदन आलं नाही. ठराव बारगळला. पुढचा विषय कुत्र्यांचे परवाने.

शनिवारी उजाडायच्या आधी लायल पेल्की आपलं खोपटं आणायला पिकअप घेऊन गेला आणि ओढ्याच्या तोंडाशी बर्फ फुटून गाडीसकट पाण्यात गेला. पाणबुड्यांनी त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं. गाडीचे दिवे चालूच होते. ते दुपारपर्यंत बर्फाखाली पिवळे दिसत राहिले. काठावर अर्धं गाव उभं होतं, त्यात ऑरिनही होता. तिथेच हिल्डाबाईंनी त्यांचं कारण सांगितलं. खिडकीतून त्यांना आठवडाभर ओढ्याच्या तोंडाशी बर्फावर काळपट ओल दिसत होती, म्हणजे तिथे बर्फ पातळ झाला होता. बैठकीला लायल आलेला नव्हता. पण चर्चा झाली असती, तर ती सकाळपर्यंत कॅफेत पोचली असती, आणि लायल रोज कॅफेत असायचा.

पुढच्या सभेत हिल्डाबाईंनी तोच ठराव मांडला तेव्हा बाकीच्या चौघांनी एकदम अनुमोदन दिलं. तेव्हापासून दर मार्चमध्ये उतारावर लाल-पांढरा अडसर लागतो. वर्षभरानं हिल्डाबाई मुलीकडे डुलुथला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्याच सुमारास आधीच्या चिटणिसाची जागा रिकामी झाली, ती ट्वायलाला मिळाली. दयेनं दिली असं लोक म्हणतात. तिनं स्वतः मागून घेतली होती, हे कुणाच्या लक्षात नाही.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं त्या रात्रीचं इतिवृत्त काढून वाचलं. सूचक : हिल्डा वेंट. अनुमोदक : नाही. ठराव बारगळला. इतिवृत्तात माणसं काय बोलली ते लिहितात. गप्प बसली ते लिहायची पद्धत नाही.

इतकी वर्षं ती दोघं महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसली. ती विचारायची, तो नाव सांगायचा. दोघांत दुसरं बोलणं झाल्याचं कुणाला आठवत नाही.

यंदाच्या मार्चची विषयपत्रिका शुक्रवारी दारावर लागली, आणि त्यात ब्रेंट ओल्मनचा ठराव होता. ब्रेंट तरुण सदस्य, हिशेबी. चिटणिसाचं काम जिल्हा कचेरीकडे सोपवावं, ते स्वस्त पडेल, असा त्याचा ठराव. म्हणजे ट्वायलाची नोकरी जाणार. ब्रेंटचं मत धरलेलंच होतं. रास्को आणि आणखी एकजणही हात वर करणार, हे गावाला माहीत होतं. पण अनुमोदक म्हणून नाव द्यायला त्या दोघांची तयारी नव्हती. ते नाव ट्वायलानं त्यांच्यासमोर बसून लिहायचं होतं ना. ब्रेंटला त्याची काळजी नव्हती. अनुमोदनाला ऑरिन होता.

कॅफेत त्या शनिवारी ऑरिनला सोडलं नाही कुणी.

"काय रे, मंगळवारी तोंड उघडणार का?"

"बघू."

"बघू काय? तू कोंबड्यांना नाही म्हणाला नाहीस, ब्रेंटला म्हणशील?"

"अरे, सासूच्या तलावाला दिलं होतं यानं!"

आर्डिसनं त्याची टोपी त्याच्यापुढे आपटली. "यात अवघड काय आहे? तू गप्प बसलास की ती राहते. एकदा अनुमोदन दिलंस, की मग विरोधात मत दे नाहीतर नको देऊ, तिकडे तीन हात तयारच आहेत. गप्प बस, एवढंच."

"एवढंच," ऑरिन म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून उठला.

त्याची अडचण गावाला कळत नव्हती असं नाही. ठराव चांगला की वाईट हे बघून तो अनुमोदन देत नव्हता. तसं बघायला लागलं की कुणाचं तरी "कारण" तोंडातच राहतं. वाईट ठरावालाही दार उघडायचं, असं त्यानं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं आणि ते कधी मोडलं नव्हतं. आर्डिस सांगते, त्या आठवड्यात तो झोपेत दोनदा "अनुमोदन" म्हणाला, आणि दोन्ही वेळा जागा होऊन बसून राहिला.

मंगळवारी खोली भरली होती. खिडकीबाहेर तळं करड्या रंगाचं, खाली उतारावर अडसर लागलेला. मागील इतिवृत्त कायम करणे. अनुमोदन, स्कोलेन. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या ट्रकला नवं पातं. अनुमोदन, स्कोलेन. ग्रंथालयाच्या छताची गळती. अनुमोदन, स्कोलेन. थाळी फिरली, ऑरिननं ती पुढे सरकवली.

ब्रेंटनं आपला ठराव वाचला. शेवटी म्हणाला, "यात व्यक्तिगत काही नाही, ट्वायला."

"हे इतिवृत्तात घेऊ?" ट्वायलानं विचारलं. मागच्या रांगेत हशा झाला, ब्रेंटचे कान लाल झाले.

"अनुमोदन?" रास्को म्हणाला.

कुणी बोललं नाही. ट्वायलाचं पेन मात्र सवयीनं चाललं होतं. तिनं मान खाली ठेवूनच विचारलं, "अनुमोदक कोण?" आणि विचारेपर्यंत नावातली पहिली अक्षरं लिहूनही टाकली.

उत्तर आलं नाही. तेव्हा तिचं पेन थांबलं.

ऑरिननं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. ओठ आवळलेले. रास्कोनं त्याच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग परत त्याच्याकडे. बाहेर तळ्यावर बर्फ वाजला. मार्चमध्ये तो वाजतोच. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लांबलचक कण्हल्यासारखा आवाज जातो. एरवी सभेत कुणाला तो ऐकू येत नाही.

"ऑरिन?" रास्को म्हणाला. "नक्की ना?"

ऑरिननं होकारार्थी मान हलवली.

"अनुमोदक नाही. ठराव बारगळला." रास्कोनं सुटकेचा श्वास टाकला. मागे दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. "पुढचा विषय—"

"एक मिनिट," ट्वायला म्हणाली. तिनं लिहिलेली अक्षरं खोडली, नीट, दोन आडव्या रेघा मारून. मग पेन खाली ठेवून तिनं मान वर केली. तिची मान सभेत वर आलेली मागच्या रांगेतून मी प्रथमच बघत होतो.

"ऑरिन," ती म्हणाली. मिस्टर स्कोलेन नाही. "त्या रात्रीही एवढंच शांत होतं?"

टाळ्या थांबल्या. त्या रात्रीच्या पाचांपैकी आता टेबलाशी एकटा ऑरिन उरला होता.

"नाही," तो म्हणाला. "इतका वेळ शांत नव्हतं. फार थोडा वेळ. तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत ते कुत्र्यांच्या परवान्यांवर गेले."

"कसला घास?"

"लिंबाची वडी. हिल्डानंच आणली होती."

"अनुमोदन देणार होतास?"

"ते मला अजून कळलेलं नाही," तो म्हणाला. "दुसरं कुणीतरी देईल असं वाटलं. घास मोठा होता."

ट्वायलानं मान डोलावली, एखाद्यानं पत्ता सांगितल्यावर डोलवावी तशी. मग पेन उचललं. "पुढचा विषय, नगराध्यक्ष."

पुढचा विषय कुत्र्यांच्या परवान्यांचाच होता. मार्चमध्ये तो दरवर्षी असतो. त्याला ऑरिननं अनुमोदन दिलं, पण दोनदा म्हणावं लागलं.

एप्रिलच्या सभेत टेबलावर ट्वायलाचा राजीनामा होता. रास्कोनं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "अगं, तुझी जागा वाचली, आणि तू?"

"स्वीकारायचा ठराव लागेल," ती म्हणाली.

शेवटी ब्रेंटनंच तो मांडला, कुणाकडे न बघता.

"मला बोलायचं आहे," ट्वायला म्हणाली. "कारण—"

"ट्वायला, आधी अनुमोदन, मग बोलणं," रास्को म्हणाला. सवयीनं म्हणाला तो. शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आले असावेत, कारण त्यानं कागद खाली ठेवला. खोली परत मार्चसारखी शांत झाली. वाजायला बर्फ तेवढा नव्हता. आठवड्यापूर्वी फुटून गेला होता.

"अनुमोदन," ऑरिन म्हणाला. या वेळी लगेच.

"अनुमोदक कोण?"

"स्कोलेन."

तिनं ते लिहिलं. "आता बोलू?"

"बोल."

"कारण मला जे विचारायचं होतं, ते विचारून झालं," ती म्हणाली. आणखी काही म्हणाली नाही. ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधात स्कोलेन.

आता जिल्हा कचेरीतून एक बाई येते, टेबलाच्या मधोमध यंत्र ठेवते. ते सगळं टिपून घेतं, कोण बोललं तेही ओळखतं म्हणे. अनुमोदक कोण, असं कुणी विचारत नाही. ट्वायला सभेला येत नाही. संध्याकाळी ती उतारावर फिरताना दिसते, आणि ऑरिनच्या खुर्चीतून उतार दिसतो.

थाळी अजून त्याच्यापाशी थांबत नाही. ठराव मांडला जातो, तो म्हणतो, "अनुमोदन." मग जरा थांबतो, कुणी विचारायची वाट बघितल्यासारखा. कुणी विचारत नाही. तरी तो खिडकीकडे तोंड करून सांगतो, "स्कोलेन."