कानबाईनं अडवलेली गाडी

गेल्या श्रावणात कानबाईनं माझी गाडी अडवली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं सांगायची लाज वाटत होती. आज सांगून टाकतो.

धुळ्याजवळच्या आमच्या गावी दरवर्षी श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. खान्देशातल्या या देवीचं नथ घातलेलं, नारळाचं ते रूप. सोमवारी सकाळी तिला पाटावर बसवून, डोक्यावर घेऊन, नदीवर पोचवतात. आमच्या घरात हा मान वहिनीचा. आई लवकर गेल्यामुळे मला वहिनीनंच वाढवलं. पण भाऊ आजारी पडला तेव्हा मी जळगावहून फोन करत राहिलो, आणि दवाखान्याच्या पायऱ्या ती एकटीच चढली-उतरली. भाऊ गेल्यावर तिच्यासमोर उभं राहायचा धीर होईना. तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही, त्यामुळे तर अधिकच. मग कानबाईच्या वेळी नेमकं काहीतरी काम निघायला लागलं. ती कामं मीच काढत होतो.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. साखरेच्या आजारानं पायाला जखम झाली होती, पाऊल टेकवत नव्हतं. "यंदा पाट दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर दे म्हणतात सगळे," एवढंच म्हणाली. नदीची वाट म्हणजे काळ्या मातीचा अरुंद गाडरस्ता, श्रावणात तिथे ट्रॅक्टरही रुततो. भाऊबंदातल्या पुतण्यांनी उचलून नेऊ म्हटलं तर त्यांच्यावर डाफरली, "मी काय दाणास्नं पोतं शे का?" मला एकदम माझ्या केळीच्या मळ्यातली एटीव्ही आठवली. जाड टायरची, बाइकसारख्या हँडलची चारचाकी. कसल्याही चिखलातून जाते. म्हटलं, "वहिनी, तू पाट डोक्यावर घेऊनच बसशील. मी घेऊन येतो एक वाहन."

"रेडा तर नही ना?" ती म्हणाली. खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

आता ती लाजेची गोष्ट. माझी पिकअप लहान. एटीव्ही फळ्यांवरून हौद्यात चढवून दोरानं बांधली, पण मागची चाकं हौद्यात मावेनात, मागच्या उघड्या झडपेवर, फाळक्यावर आली. म्हणजे यंत्राचं निम्मं वजन फाळक्याच्या दोन साखळ्यांवर. त्यातल्या एका साखळीची कडी झिजून तुटलेली होती आणि तिथे मी तार गुंडाळून ठेवली होती. हार्डवेअरचं दुकान बंद होतं, असं नंतर मी सांगितलं. दुकान उघडं होतं. मला उशीर नको होता. शिवाय इतक्या वर्षांनी जाताना सगळ्यांच्या आधी, वाजतगाजत पोचायचं होतं. बायको म्हणाली, "तारेवर कसला भरवसा?" मी म्हटलं, "देवीच्या कामाला निघालोय, ती बघून घेईल." विश्वास म्हणून नव्हे, बायकोचं तोंड बंद व्हावं म्हणून बोललो. देवीचं नाव असं वापरल्याचं मला आजही बोचतं.

पारोळ्याच्या पुढे हायवे सोडून मी आतल्या रस्त्याला लागलो. एका गावात रस्ता भरून गेलेला. त्यांचीही कानबाई निघाली होती. डफ वाजत होते, बाया फुगड्या घालत होत्या, मधोमध पाट डोक्यावर घेतलेली एक म्हातारी अगदी सावकाश चाललेली. मी हॉर्न दिला. पुन्हा दिला. ती रस्त्यात थांबलीच, माझ्याकडे वळली. मी चिडून गाडी बंद केली.

"काय रे भाऊ, इतली घाई कसानी शे?" ती म्हणाली. "मांगे देख जरा. तुनं वाहन खाले उतरी ऱ्हायनं!"

मी उतरून मागे गेलो. तार सुटली होती. फाळका एका बाजूनं लोंबत होता आणि एटीव्हीचं एक चाक हवेत होतं; तिचं कललेलं हँडल म्हातारीला समोरून दिसलं होतं. खड्ड्यांत एटीव्हीचे शॉकअप दबून वर येत राहिले असणार, त्यानं दोरही ढिला पडलेला. आणि तिच्या मागे, हात लावता येईल इतक्या जवळ, एक मोटरसायकल उभी होती. नवरा, बायको, तिच्या मांडीवर बाळ. ती बाई बाळाचे हात जोडून त्याला कानबाई दाखवत होती. मी पुढे निघालो असतो तर पुढच्या खड्ड्याला ते सगळं वजन त्यांच्यावर गेलं असतं. मी रस्त्यातच खाली बसलो.

बाकीचं त्या लोकांनीच केलं. चारपाच जणांनी यंत्र उचलून आत सरकवलं. कोणीतरी घरातून बैलाचा कासरा आणला, फाळका हौद्याला करकचून बांधला. कुठे निघालो म्हणून विचारलं. मी सांगितलं तशी म्हातारी हसली. "म्हंजे तूबी तिनाच कामले निंघेल! मंग तिलेच हॉर्न देस का, बाप्पा?" सगळे हसले. पाट तसाच डोक्यावर, एक हात सोडून तिनं एटीव्हीच्या हँडलला कुंकू लावलं. कासरा परत कसा पाठवू, विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुले लागी." तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढचा रस्ता मी बैलगाडीच्या चालीनं गेलो. पोचलो तेव्हा पाट तयार होता आणि वहिनी ओट्यावर वाट बघत होती. ती एटीव्हीवर माझ्या मागे बसली, दोन्ही बाजूंनी पुतणसुना पाटाला हात लावून चालल्या, आणि चिखलातून फटफट करत कानबाई निघाली. पोरीबाळी हसून लोटपोट. वहिनी मात्र ताठ बसलेली, पहिल्यांदा पाट घेतला तेव्हा ताठ चालली असेल तशी.

घरी आल्यावर तिनं माझ्या वाट्याचं म्हणून ताट पुढे ठेवलं. रोट, खीर, पुरणपोळी. रोटाच्या दळणात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. मी म्हटलं, "माझी मूठ कशी काय होती? मी येणार हे तर तुला दळण झाल्यावर कळलं."

"तुनी मूठ मी दरसाल लेस, बापू. तू येस ना येस." मग गालातल्या गालात हसत म्हणाली, "तुना वाटाना रोट-खीर मीच खास. तेनाघाई तर साखर वाढनी मनी."

माझा वाटा खाऊनच म्हणे तिची साखर वाढली! मी हसायला गेलो आणि रडलो. तार, दुकान, ते बाळ, दवाखान्याच्या पायऱ्या, सगळं तिला सांगितलं. ती खीर वाढत ऐकत राहिली. "कानबाईले बठ्ठं माहीत शे," ती म्हणाली. "आते जेव."

तो चमत्कार होता की नाही, हे मला ठरवता येत नाही. सगळं आपल्या हातानं बांधलंय असं समजून मी निघालो होतो, आणि मला सांभाळलं ते कोणा दुसऱ्याच्याच हातांनी, हे मात्र कळलं. साखळीला मी नवी कडी बसवली. तो कासरा मात्र पिकअपमध्येच असतो. यंदा वहिनीचा पाय बरा आहे, चालत जाईन म्हणते. मी शनिवारीच जाणार आहे. दळणाच्या आधी. मूठ तिच्याच हातानं घेऊ दे, पण मला ती बघायची आहे.