छपराच्या आतून की बाहेरून

कुवेतच्या उन्हाशी वैयक्तिक वैर असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे: महबूला भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे फोमवाले. बाकीचे आम्ही उन्हाला शिव्या देत एसीखाली बसायचो. हे गृहस्थ हेल्मेट घालून लोकांच्या गच्च्यांवर चढायचे आणि पिवळा फोम फवारून उन्हाला घराबाहेर अडवायचे. फवारल्यावर तो कसा पुरीसारखा टम्म फुगतो आणि मग कसा कडक होतो, हे ते एखाद्या आजोबाने नातवाचं रांगणं सांगावं तसं सांगत. मूळचे नाशिकचे इंजिनिअर, पण वीस वर्षांत त्यांचं खरं गाव गच्ची हेच झालं होतं.

कुणाच्याही घरी गेले की चहाआधी भिंतीला उलटा हात लावून बघायचे. मी डॉक्टर असूनही तापलेल्या रुग्णाच्या कपाळाला इतक्या मायेने कधी हात लावलेला नाही. एकदा अब्बासिया भागात एका सत्यनारायणाला त्यांच्या हाती पेटलेली उदबत्ती आली. ती देवापुढे ओवाळायची सोडून हे खिडकीपाशी गेले आणि धूर कुठे ओढला जातो ते निरखत राहिले. "पूजा छान झाली," यजमानांना म्हणाले, "पण तुमचा निम्मा गारवा त्या फटीतून चाललाय." यजमान प्रसादाचा द्रोण धरून नुसते उभे. परतताना मला नेहमीचं वाक्य ऐकवलं, "माझा अंदाज आजवर चुकलेला नाही, डॉक्टर." त्यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "परत जाऊन बघितलंत कधी?"

अशा माणसाच्या मुलीने टोरांटोबाहेरच्या एका उपनगरात जुनं लाकडी घर घेतलं. पहिल्याच हिवाळ्यात तान्ह्या बाळाला घरात टोपी-मोजे घालून निजवायची वेळ आली, आणि त्याचा खोकला काही हटेना. पुढच्या थंडीआधी छपराला फोम मारून घ्यायचं तिने ठरवलं, तेव्हा फोमवाल्यांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. "बाहेरून मार," त्यांनी फोनवर हुकूम सोडला. "बाहेरून म्हणजे बाहेरून. तिथला कंत्राटदार आतून म्हणेल, त्याचं ऐकायचं नाही. फोम एकदा बसला की निघत नाही, लक्षात ठेव."

ऑगस्ट संपता संपताची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघे भाजी आणायला निघालो. गार इमारतीच्या दारातून बाहेरच्या दमट हवेत पाऊल टाकताच दोघांचेही चष्मे धुक्याने भरले. फोमवाले सदऱ्याच्या टोकाने काच पुसत हसले. "आमच्या लेकीला काहीतरीच होतं बघा. तिचा चष्मा म्हणे तिकडे बाहेरून घरात शिरलं की..." आणि मध्येच थांबले.

"काय झालं?"

"डॉक्टर, तिकडे उलटं आहे." त्यांचा चेहरा उतरला होता. "ऊब आत, दमटपणाही आत. मी बाहेरून बंद करायला सांगितलं. तो ओलावा लाकडातच मुरणार. छप्पर कुजेल हो, खाली बाळ झोपतंय."

"मग आत्ता सांगा तिला."

"कंत्राटदार कालच येऊन गेला!"

लिफ्टची वाट न बघता ते पाच मजले चढले. मागोमाग मीही धापा टाकत. फोन लागेपर्यंत त्यांनी पुसलेला चष्मा आणखी तीनदा पुसला.

"बाळा, माझं चुकलं," ते म्हणाले. वहिनी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आल्या. असलं काही त्यांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं असावं.

"रिलॅक्स, बाबा," स्पीकरवर मुलीचा आवाज आला. "आतूनच मारलाय. बाहेरून नाही चालत इथे."

"म्हणजे माझं ऐकलं नाहीस तू?"

"नाही हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"छान केलंस! फार छान केलंस!" फोमवाले अक्षरशः ओरडले. वहिनी मटकन सोफ्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत हसू लागल्या. मीही हसलो. पोळी जळल्याचा वास आला तरी कुणी उठेना.

मग चहा झाला. "बरं झालं, नाही ऐकलं," फोमवाले म्हणाले. थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाले, जरा हळू. कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण कधीपासून ऐकत नसेल हो, डॉक्टर?"

वहिनींनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.