चाळिसावी

लार्च स्ट्रीटच्या शाळेत मुख्याध्यापक येत आणि जात. बर्निस कोव्हालिकबाई मात्र पुढच्या ऑफिसातल्या काउंटरमागे एकतीस वर्षं ठाण मांडून होत्या. सव्वाआठला हजेरीचे कागद आले की त्या न आलेल्या मुलांच्या घरी फोन लावत. "काय गं टीना, लेक आजारी आहे की तूच झोपून राहिलीस?" असं विचारायचा त्यांना हक्क होता, कारण गावातल्या निम्म्या आया त्यांच्याच हजेरीपटावरून मोठ्या झाल्या होत्या. शाळेत सहावी ते आठवीची चारशे बारा मुलं होती आणि बाईंना चारशे बारांची नावं तोंडपाठ. "माझ्या यादीतून कुणी सुटत नाही," हे त्या इतक्यांदा म्हणत की शिक्षकांच्या खोलीत त्याची नक्कल व्हायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यामुळे वॉशिंग्टनने शाळांना जाब विचारणारा कायदा केला, तेव्हा त्याचं नाव ऐकून बाईंना वाटलं, हे तर आपलंच वाक्य. एकही मूल मागे राहता कामा नये. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून इथल्या मुलांची नावं वॉशिंग्टनमध्ये कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. बाईंनी त्या कायद्याचं माहितीपत्रक काउंटरवर उभं करून ठेवलं.

बारीक अक्षरं नंतर कळली. दर वसंतात परीक्षा. शाळेचा निकाल एक नाही, गटागटाचा वेगळा. गरीब मुलांचा वेगळा, शिकताना जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांचा वेगळा. एक गट जरी घसरला तरी अख्खी शाळा नापास. आणि गट धरायचा कधी, तर आमच्या राज्यात त्यात चाळीस मुलं असली तर. एकोणचाळीस असली तर तो गटच नाही. मूठभर मुलांवरून शाळेला नापास ठरवू नये असं त्यामागचं कारण होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण चाळिसावं मूल म्हणजे काय चीज आहे, हे तो आकडा ठरवणाऱ्यांनी कधी काउंटरवर बसून पाहिलं नव्हतं.

लार्च स्ट्रीटची शाळा ओळीने दोन वर्षं नापास झाली, ती जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांच्या एका गटामुळे. २००६च्या फेब्रुवारीत मुख्याध्यापक फेटरॉल्फ सर काउंटरपाशी आले. माणूस वाईट नव्हता. पूर्वी फुटबॉल शिकवायचा, मुलांना खांद्यावर थाप मारून बोलायचा. तिसऱ्या वर्षी नापास झालो तर त्याची खुर्ची जाणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, जास्तीच्या मदतीवाले यंदा किती?"

"चाळीस."

"बरोब्बर चाळीस?"

"दोनदा मोजलेत सर."

"एकोणचाळीस असते तर..." ते म्हणाले, काउंटरवरच्या बरणीतली एक पेपरमिंटची गोळी उचलली आणि गेले.

एवढंच. पुढे बाईंनी किती वेळा आठवून पाहिलं, पण सर याहून एक शब्द जास्त बोलले नव्हते. कुणी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणायची सोयच राहिली नाही.

त्या दुपारी बाईंनी चाळीस फाइली काढल्या. दर तीन वर्षांनी अशा मुलाची नव्याने तपासणी करून मदत चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवतात. त्या महिन्यात एकाच मुलीची तीन वर्षं भरत होती. केन्द्रा यॉस्ट, इयत्ता सातवी. वाचताना अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. रोज एक तास ती नऊ नंबरच्या खोलीत पेलबाईंकडे वाचायला बसायची, परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळायचा. गेल्या वर्षात थोडी सुधारली होती. थोडीच, पण सुधारली होती, आणि बाईंनी त्या "थोडी"ला धरलं.

आठवड्यातून एकदा येणाऱ्या मानसतज्ज्ञाला चार शाळा उरकायच्या असत. त्याने केन्द्राची मदत थांबवायच्या कागदावर उभ्या उभ्या सही केली. पेलबाई कां-कूं करत होत्या. "वाचते हो, पण मी शेजारी असले तर वाचते," त्या म्हणाल्या. कोव्हालिकबाई म्हणाल्या, "अहो, पोरीला आयुष्यभर त्या खोलीत बसवणार आहात का?" आणि हे म्हणताना त्यांना स्वतःचं खरंच पटलं. पेलबाईंनी सही केली. राहिली आईची.

डार्ला यॉस्ट ही बाईंच्याच पटावरची. शाळेत असताना गृहपाठ विसरली की रडत काउंटरपाशी यायची आणि बाई तिला घरी फोन लावू द्यायच्या. तिने बाईंचा शब्द कधी खाली पडू दिला नसता. बाईंनी कागद पाकिटात घातला, वर पिवळी चिठ्ठी चिकटवली: "डार्ला, छान बातमी. खाली फुली आहे तिथे सही कर. कोव्हालिकबाई." दुसऱ्या दिवशी केन्द्रानेच तो सही होऊन परत आणला. घरी ठेवायची प्रत पिवळ्या चिठ्ठीसकट डार्लाने ठेवून घेतली.

त्या वसंतात शाळा पास झाली. दारावर निळा कापडी फलक लागला, शिक्षकांच्या खोलीत केक कापला. फेटरॉल्फ सर बाईंना पहिला तुकडा देत म्हणाले, "बाई, तुम्ही नसता तर..." आणि याही वेळी वाक्य अर्ध्यावर सोडलं. बाईंनी तो तुकडा तसाच बशीत ठेवून दिला.

आठवीच्या वर्षी केन्द्रा नऊ नंबरच्या दारावरून पुढे निघून जायची. ऑफिसपाशी आली की बाई कपाटात काहीतरी शोधायला लागत. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्या मुलाकडे पाठ केली नव्हती. स्वतःचीच शरम वाटून त्या ईस्टरच्या आधी चर्चमध्ये कबुली द्यायला गेल्या. "फादर, मी एका कागदावर सह्या घेतल्या," असं त्यांनी सुरू केलं. तरुण पाद्री म्हणाला, "खोट्या?" "नाही, खऱ्याच." त्याला काही उमगेना. तीन प्रार्थना म्हणायला सांगून त्याने त्यांना वाटेला लावलं. इतक्या स्वस्तात सुटल्याचं बाईंना जास्तच लागलं.

केन्द्रा हायस्कुलात गेली त्या वर्षी, २००७च्या ऑक्टोबरात, कायद्याची मुदत संपलेली होती आणि तो पुन्हा चालू ठेवायचा का यावर देशभर वाद पेटला होता. शिक्षक म्हणत, मोडीत काढा. काही आईबाप म्हणत, हा कायदा नसता तर आमच्या पोरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. चाळीसचा आकडा खाली आणावा अशीही मागणी होती. आमच्या भागाचे खासदार लोकांचं म्हणणं ऐकायला एका शनिवारी सकाळी अग्निशामकांच्या हॉलमध्ये येणार होते. सुधारलेली शाळा म्हणून फेटरॉल्फ सर बोलणार होते. त्यांचे तक्ते कोव्हालिकबाईंनी टाइप केले होते.

हॉलच्या स्वयंपाकघरात नेहमीप्रमाणे बायका पिरोगी करत होत्या. बाई कॉफी घ्यायला आत गेल्या, तर टेबलाशी डार्ला, कोपरापर्यंत पिठाने माखलेली, बटाट्याचं सारण भरून कडा चिमटीने मिटत होती.

"बाई! या या. किती दिवसांनी. तुमचा तो कागद अजून फ्रिजवर लावलाय हं मी."

"कुठला गं?" बाईंना पक्कं ठाऊक होतं कुठला.

"केन्द्राचा. मी तर त्या दिवशी रडलेच. आमच्या घराण्यात कुणाबद्दल शाळेकडून चांगलं लिहून आलेलं तुम्ही बघितलंय का?" ती हसली, मग आवाज खाली आणला. "पण आता हायस्कुलात गेल्यापासून नुसते भोपळे आणतेय. मला आधी वाटलं, जमत नसेल. मग म्हटलं, कागदावर लिहिलंय की मदत लागत नाही. म्हणजे डोकं आहे, अंगात आळस भरलाय. सॉफ्टबॉल बंद करून टाकलंय तिचं. परवा तर मी तोंडावर म्हटलं, तुझ्यासारखी आळशी पोर गावात नसेल."

बाईंनी कप खाली ठेवला. बोलायची वेळ हीच होती. शेजारी चार बायका होत्या, बाहेर कुणीतरी माइक ठाकठीक करत होतं. "येते मी, तक्ते द्यायचेत," असं पुटपुटून बाई बाहेर पळाल्या.

सर छान बोलले. टाळ्याही पडल्या. मग खासदारांनी चष्मा वर करून विचारलं, "जास्तीच्या मदतीच्या गटात तुमच्याकडे किती मुलं?"

"एकोणचाळीस," सर म्हणाले.

खासदार हसले. "म्हणजे एकाने वाचलात."

हॉलमध्ये हशा पिकला. दारात पिठाच्या हातांनी उभी असलेली डार्लाही हसली. बोलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत सातव्या नंबरवर कोव्हालिकबाईंचं नाव होतं, सगळं सांगून टाकायचं ठरवून आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच लिहिलेलं. पुकारा झाला तेव्हा त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. टिपून घेणाऱ्या मुलीने नाव खोडलं आणि आठव्याला बोलावलं. कायद्याचं काय व्हायचं ते वॉशिंग्टनमध्ये होईल, पण आज या हॉलमध्ये आकडा लिहून घेतला गेला आणि तो आपल्या हातचा आहे, हे बाईंना खुर्चीत बसवेना इतकं झोंबलं. आपण भित्र्या आहोत हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळायचं म्हणजे फार झालं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्या घरी न जाता सरळ यॉस्टांच्या दारी गेल्या. डार्लाने दार उघडलं. "अय्या, बाई तुम्ही?" केन्द्रा टेबलाशी बसली होती. पुढ्यात पुस्तक उघडं होतं आणि पान कितीतरी वेळ उलटलेलं दिसत नव्हतं.

बाई बसल्या नाहीत. "डार्ला, मी तुला फसवलं," त्या म्हणाल्या, आणि चाळीसपासून सगळं सांगितलं. कुठे आडपडदा ठेवला नाही, सरांचं नाव पुढे केलं नाही. "हिची मदत थांबली कारण मला एक मूल कमी हवं होतं. ही आळशी नाही. ही कधीच आळशी नव्हती."

डार्ला उभीच्या उभी राहिली. "पण तुम्ही लिहिलं होतं, छान बातमी."

"हो."

"तुम्ही लिहिलं म्हणून मी सही केली. वाचलंसुद्धा नाही."

"ठाऊक होतं मला. म्हणूनच चिठ्ठी लावली."

डार्ला लेकीकडे वळली. "तू का नाही बोललीस गं? एवढं मी तुला घालूनपाडून बोलत होते."

केन्द्राने खांदे उडवले. "तू किती खूश होतीस. आजीला फोन करून सांगितलंस." मग ती उठली, फ्रिजवरचा कागद चुंबकाखालून काढला आणि बाईंपुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "दीड वर्ष रोज बघतेय. माझं नाव कळतं. मधली ओळ मला कधी लागली नाही. तुम्ही वाचून दाखवाल?"

बाईंनी चष्मा लावला. ती ओळ त्यांनीच टाइप केली होती. "सदर विद्यार्थिनीस यापुढे विशेष साहाय्याची आवश्यकता नाही," त्यांनी वाचलं. मग शब्दाशब्दावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

"आणि पिवळ्यावर?"

पिवळी चिठ्ठी कडेने वळली होती, अक्षर मात्र ठसठशीत होतं. त्या अक्षराचा त्यांना एकतीस वर्षं अभिमान होता. बाईंनी तीही वाचली, "छान बातमी"पासून स्वतःच्या नावापर्यंत, आणि त्यांना मान वर करता येईना.

डार्लाने खुर्ची ओढली. "आता ही मदत परत मिळवायला काय करावं लागतं?"

"तू लेखी अर्ज द्यायचा. तपासणी करा म्हणून. मग त्यांना ती करावीच लागते. मागे काय झालं ते मी वेगळं लिहून देते, माझ्या सहीने. मजकूर सांगू का तुला?"

"सांगा." डार्लाने वही ओढून घेतली. बाई सांगत गेल्या, ती लिहीत गेली. शेवटी सवयीने बाईंचं बोट खालच्या रेघेकडे गेलं, सही कुठे करायची ते दाखवायला. डार्लाने ते बोट बाजूला सारलं आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

"आधी हिला वाचून दाखवा, बाई. सगळं. हिला समजलं की मग मी सही करीन."