स्टेनलेसवरचे तांबूस डाग

सत्तावीस वर्षं तिनं ऑपरेशन थिएटरमधली अवजारं धुतली. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, सगळं स्टेनलेस स्टीलचं. मग ते काम यंत्रावर गेलं आणि बावन्नाव्या वर्षी ती घरी बसली. चार महिन्यांत घरातली भांडी तिनं अशी काही घासली की सासूबाई वैतागल्या. म्हणाल्या, ताटात जेवण कमी आणि माझ्या सुरकुत्याच जास्त दिसतात. शेवटी त्यांनीच ओळखीपाळखीत शब्द टाकून सुनेला काम मिळवून दिलं. नेमबाजीच्या क्लबात साफसफाईचं.

क्लबात सगळे तिला सिस्टरबाई म्हणू लागले. फरशा, काचा, खुर्च्या ती आरशासारख्या ठेवायची, पण शस्त्रांच्या खोलीचा केर मात्र दारातूनच, हात लांब करून काढायची. माणसाच्या अंगातून काढलेली गोळी ट्रेमध्ये पडते तेव्हा कसा आवाज होतो, हे तिनं पुष्कळदा ऐकलं होतं.

त्या खोलीत उस्ताद बसायचे. सत्तरीला टेकलेले, पाठ ताठ, बोलणं मोजकं. क्लबाची पिस्तुलं तीस वर्षं तेच उघडत, पुसत आणि पुन्हा जोडत आले होते.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आपलं स्टेनलेसचं पिस्तूल सफाईला ठेवून गेल्या. महिन्याभरावर त्यांची स्पर्धा होती. सिस्टरबाईंनी दारातून पाहिलं तर मुठीच्या वर चहाचे शिंतोडे उडावेत तसे तांबूस डाग. तिला राहवेना.

"उस्ताद, गंज धरलाय त्याला."

"स्टेनलेस आहे ते. त्याला गंज लागत नाही."

"लागतो. उशिरा लागतो, एवढंच."

मग तिनं थिएटरमधली गोष्ट सांगितली. मिठाच्या पाण्यात दोन दिवस विसरलेल्या कात्रीला कशी बारीक बारीक भोकं पडली होती ती. घाम म्हणजे तरी काय, खारं पाणीच. आणि डॉक्टरीणबाई पिस्तूल चामड्याच्या खोळीत ठेवायच्या, म्हणजे ओल आतल्या आत कोंडलेली.

उस्तादांनी पिस्तूल खिडकीशी नेलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "कुठाय डाग?"

डाग त्यांच्या अंगठ्याला लागूनच होता. सिस्टरबाई पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत आली, तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि काय ते समजली. दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूची दुधाळ साय. ते रोज नळीच्या मागच्या तोंडात करंगळी घालून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायचे. लोकांना तो त्यांचा काटेकोरपणा वाटायचा.

दार लोटून तिनं विचारलं, किती दिवस झाले? ते म्हणाले, दोन वर्षं. क्लबाच्या सेक्रेटरींना कळलं तर ही खुर्ची जाईल. आणि शस्त्रक्रियेचं नाव काढू नका, डोळ्याला सुरी लावून घेणं माझ्यानं व्हायचं नाही. तिला हसू आलं. म्हणाली, जन्मभर पिस्तुलांत वावरलेला माणूस एवढ्याशा सुरीला घाबरतो म्हणजे काय. उस्ताद म्हणाले, जन्मभर सुऱ्या हाताळलेली बाई दारातून केर काढते, त्याचं काय.

तिनं हातातला झाडू दाराशी टेकवला. मग म्हणाली, "मी पिस्तूल हातात घेते. तुम्ही डोळे दाखवा."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. गोळ्या आधी खोलीबाहेर. मग मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, आत डोळ्यांनी पाहायचं, बोटानं पाहायचं, आणि पुन्हा एकदा पाहायचं. आधी तिनं ते दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलं. पण पिस्तुलाचे भाग सुटे होऊन फडक्यावर मांडले गेले तशी ती सावरली. धुण्यापुसण्याची अवजारंच ती. नळीत ब्रश मागच्या बाजूनं घातला, डागांवर मऊ ब्रशनं तेल हलकेच फिरवलं. डाग निघाले. एका ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा तेवढा राहिला. शेवटी तिनं तेलाची बाटली उपडी केली, तशी उस्तादांनी वासावरूनच ओळखलं. "तेल दाखवायचं असतं, पाजायचं नसतं."

मग उस्तादांची पाळी आली. ती बरोबर गेली, आपल्याच जुन्या थिएटरात, तिथं ओळखीनं तिला आतही सोडलं. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी तिचं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिले. एका डोळ्याचं, सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

काही आठवड्यांनी ते क्लबात परतले. आपलं टेबल किती कळकट आहे हे पाहून ओशाळले आणि अर्धा दिवस तेच घासत बसले. मग आपणहून सेक्रेटरींकडे जाऊन सगळं सांगितलं. सेक्रेटरी चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्याच्या हाती शस्त्रं म्हणजे जिवाशी खेळ. पण राग निवल्यावर त्यांनी नियम केला, यापुढे प्रत्येक शस्त्र दोघांनी तपासायचं. उस्तादांनी आणि सिस्टरबाईंनी. चामड्याच्या खोळी बाद झाल्या, कोरडी फडकी आली. डॉक्टरीणबाई स्पर्धेत चौथ्या आल्या, पुढच्या फेरीत पोचल्या आणि पिस्तूल थेट सिस्टरबाईंच्या हातात देऊन गेल्या.

गोळीबाराचा आवाज आला की ती अजूनही दचकते. पण केर आता टेबलाखालूनही निघतो. आणि उस्तादांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख स्वतःच जाऊन ठरवून आणली आहे.