बासष्ट गोळे आणि एक खोटी नोंद

मंगळवार, सकाळी साडेनऊ. एकूण गोळे बासष्ट. हजर चौघे: डेपोचे ऑफिसर, लीडिंग सीमन याकोब गावित, कंत्राटदाराचा गॅसकटरवाला आणि रजिस्टर घेऊन मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहाद्याकडचा, गावित नवापूरच्या डोंगरातला. नौदलाच्या त्या डेपोत आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मोडीत निघालेल्या जहाजांच्या तोफांचे जुने गोळे तपासून भरलेले आणि रिकामे वेगळे करायचे, रिकामे कापून भंगारात द्यायचे, एवढेच काम. रोज आठ ते दहा गोळे व्हायचे.

हे गोळे चिलखतभेदी होते. सहा इंची, एकेक जवळपास एक्कावन्न किलोचा. साध्या गोळ्याचा फ्यूज बहुधा टोकाला असतो. चिलखतभेदी गोळ्याचे टोक भरीव पोलादाचे असते. ते शत्रूच्या जहाजाचा जाड पत्रा फोडून आत शिरते आणि मग बुडाचा फ्यूज स्फोट करतो. म्हणून याचे टोक पाहून काहीच कळत नाही, बूड उघडावे लागते. गोळा भरलेला की रिकामा, हे सांगणारे रंगाचे पट्टे गंजून गेले असतील तर गोळा भरलेलाच धरायचा, असा नियम.

त्या दिवशी चौदा गोळ्यांचे पट्टे गेले होते.

ऑफिसर म्हणाले, "टोक भरीव आहे. प्रॅक्टिसचे आहेत. रिकामे लिही."

गावित म्हणाला, "सर, फ्यूज बुडाला असतो. उघडून बघू द्या."

"किती दिवस लागतील?"

"दोन, सर."

"ट्रक चार वाजता येतोय. लिही."

मी लिहिले. चौदा, रिकामे. खाली सही केली.

ऑफिसर टेलिफोनवर गेले. गावित माझ्याजवळ आला आणि अहिराणीत म्हणाला, "पाटील, तुन्हा रजिस्टरमा गोळा फुटत नही, भाऊ. समदा तठेच ठेव."

मी हसलो. तोही हसला.

अकरा वाजून वीस मिनिटे. कटरवाल्याने त्या चौदांतल्या चौथ्या गोळ्याच्या बुडाला ज्योत लावली. दोनेक मिनिटांत बुडाच्या कडेने पिवळा धूर निघाला. कटरवाला वाकून बघत राहिला. गावित वीस पावलांवर होता. तो धावत गेला, त्याने कटरवाल्याला कॉलर धरून मागे खेचले आणि वाळूच्या पोत्यांच्या भिंतीपलीकडे ढकलले. स्वतःला पलीकडे जायला वेळ मिळाला नाही.

कटरवाल्याचा एक कान गेला. माणूस वाचला.

चौकशीचा अहवाल मी नंतर वाचला. 'सदर नाविकाने परवानगीशिवाय गोळ्याजवळ जाऊन निष्काळजीपणा केला.' ज्याने नियम सांगितला, तोच निष्काळजी. पुरावा म्हणून माझे रजिस्टर जोडले होते: गोळे रिकामे असल्याची नोंद, सही माझी. नोंद कोणाच्या तोंडी आदेशावरून झाली, हे मी साक्षीत सांगितले. ते वाक्य अहवालात नाही. कटरवाल्याला कोणी बोलावलेच नाही. ऑफिसरांची पुढच्या वर्षी बढती झाली.

अहवाल दुरुस्त करावा म्हणून निवृत्तीनंतर मी तीन अर्ज केले. तिन्ही वेळा एकच उत्तर आले: प्रकरण बंद आहे, रजिस्टरमधील नोंद ग्राह्य आहे. माझीच सही माझ्यासमोर धरतात आणि मला गप्प बसायला सांगतात.

तिसरे उत्तर घेऊन मी नवापूरकडे गावितच्या आईकडे गेलो. म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकत होती. घरी त्यांची कोकणा आदिवासींची कोकणी, माझ्याशी मोडकी मराठी. तिने विचारले, "कागदात लिहिलंय, पोराची चूक. होती का?"

"नाही, माय. चूक मी लिहिली होती."

तिने उरलेले दाणे एकदम टाकले. मग म्हणाली, "मग आता खरं लिही. तुला लिहिता येतं ना?"

म्हणून हे लिहिले. ड्यूटीवर जीव गेलेल्याच्या घरी मिळते ती वाढीव पेन्शन 'निष्काळजीपणा' या एका शब्दापायी नाकारली गेली. आईला साधी पेन्शन मिळत राहिली, गेल्या वर्षी ती वारली तोपर्यंत. फरकाचा एक रुपयाही कोणाला मिळाला नाही. लीडिंग सीमन याकोब गावित, वय अठ्ठावीस, एका अनोळखी माणसाला वाचवताना गेला.